नाव दिलं, दावं ठेवलं

माय, तुझं नाव मी विकलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे ऐकता येईल.

तू गेलीस तेव्हा हिंगोलीत माझा एसटीडी बूथ होता आणि पाटीवर तुझं नाव होतं. पुढे त्याच गाळ्यात कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं. तिथंही नाव घेता येतं, दरवर्षी थोडे पैसे भरले की ते जगात दुसऱ्या कुणाला मिळत नाही, असं कळलं. मी तुझंच घेतलं. तुझी सून म्हणाली, "दिसत न्हाई त्या पाटीला काहून पैसे भरून राहिले?" मी भरत राहिलो. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले, बूथ ओस पडला आणि मालकानं गाळा विकायला काढला. मी घेतला नाही तर शटर खाली आणि पाटीही खाली. नेमका तेव्हा पुण्याहून फोन आला. एका कंपनीचा नवा साबण निघणार होता, तुझ्या नावाचा. त्यांना इंटरनेटवरचं नाव हवं होतं.

तो माणूस बोलत होता आणि मला जवळा बाजार गावचा शेळ्यांचा बाजार दिसत होता. दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतायत, तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. नवऱ्यामागं एकटी शेळ्या विकणारी तू परक्याच्या रुमालात हात घालत नाहीस. एक दलाल हसतो, "भाभी, बिना रुमाल का सौदा होता है क्या?" तू म्हणतेस, "तुमची बोटं बोलतात, माझे कान ऐकतात. बोला मोठ्यानं." मग कुणी शेळीची वाहवा करतो, तर तू त्याच्याकडं बघतही नाहीस. माझ्या कानाशी म्हणतेस, "वाहवा करणारा चहा पिऊन जातो रे. खोड काढणारा जनावर नेतो."

पुण्याचा माणूस म्हणाला, "नाव तसं जुनाट आहे. गावठी वाटतं. आम्ही दुसरीही बघतोय." मी खुर्चीत सरसावून बसलो. खोड निघाली होती. तेवढ्यात त्याच्या मागं कुणी तरी विचारलं, "सर, रॅपर छापून आलेत, कुठे ठेवू?" त्यानं फोनवर हात ठेवला, पण उशिरा. मी भाव सांगितला आणि तुझ्यासारखा गप्प बसलो. तू अशा वेळी शेळीला बाभळीच्या शेंगा चारायचीस, मी शेंगदाणे खात बसलो.

"हॅलो? आहात ना?"

"आहे की. ऐकून राहिलो."

तो चढत चढत गाळ्याच्या किमतीपर्यंत आला. मग सहज म्हणाला, "आणि यापुढे हे नाव तुम्ही कुठेच वापरायचं नाही. दुकानाची पाटीसुद्धा." ज्या पाटीसाठी गाळा वाचवायचा, तीच उतरवायची?

सेनगावचा एक गिऱ्हाईक शेळीच्या दाव्यासाठी तुझ्याशी भांडला होता, आठवतं? तू शेळीच्या गळ्यातून दावं सोडलंस, हाताला गुंडाळलंस. "शेळी तुमची, दावं माझं. दावं दिलं तर दावण रिकामी होते." मी पुण्याच्या माणसाला तेच सांगितलं, "साहेब, आमच्याकडं जनावर देतात, दावं देत न्हाईत. ती पाटी माझं दावं." तो म्हणाला, वकिलाला विचारतो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"पाटी केवढी आहे तुमची?"

"शटरवर मावते तेवढी."

"ठेवा. पण साबण विकू नका."

"साबण मी लावतो साहेब, विकत न्हाई."

गाळा आता माझा आहे. शाळेत मी थोडाच टिकलो, पण बाजारात तू मला ऐकायला शिकवलंस, त्यावर आजवर खातो आहे. पाटी मागच्याच दिवाळीत नव्यानं रंगवली.

हे मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप करतोय. तुझ्या नावाचा एक ईमेलचा पत्ता होता आपल्याकडं, पण आता तिथं पाठवलं तर कंपनीतली कुणी मुलगी उघडून बघेल. म्हणून इथंच ठेवतो.

एक मात्र तुझं ऐकलं नाही. विकलेल्या शेळीच्या दारावरून तू कधी जायची नाहीस. ती ओळखते, ओरडते, म्हणून आपण ओढ्याकडून वळसा घेऊन घरी यायचो. मी मात्र संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की तुझं नाव टाइप करतो. गुलाबी साबणाच्या वड्या येतात. बघत बसतो थोडा वेळ.