दुपारनंतरचे हात

७ एप्रिल १९५८

दुपार झाली की आमच्या औषधांच्या कारखान्यातल्या बायकांचे हात मंदावतात ते का? मला सांगता येत नाही. घरातली पहिली बी.ए. मी, या बायकांवरची सुपरवायझर — आणि एवढं कळू नये! सकाळी काढ्याच्या बाटल्या भराभर भरतात, दुपारी डोकी धरून बसतात. आज हौसाच्या हातून पुन्हा बाटली फुटली. दाजी, आमचे मॅनेजर, म्हणाले, "शनिवारपर्यंत सुधारली नाही तर तिला घरी बसवा." तिच्या एकटीच्या मजुरीवर घर चालतं. मी तिला घालवू देणार नाही.

८ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांकडून व्यायाम करून घेतला. हात वर, दीर्घ श्वास! ठमाबाई म्हणाली, "बाई, आता प्रार्थना पन म्हनायची का?" हसल्या खूप. काम तसंच.

९ एप्रिल

घरून कळशीभर कोकमाचं सरबत नेलं. कोणी घोटभरही घेतलं नाही! मनाला लागलं. हौसाला बाजूला घेऊन विचारलं, "माझ्या हातचं चालत नाही का?"

ती खाली बघत म्हणाली, "तसं नाय, बाई. प्यालं तर जावाचं कुटं?"

पहाटे अंधारात शेताकडे जाऊन येतात. मग संध्याकाळी घरी परतेपर्यंत पाणी तोंडाला लावत नाहीत. या उन्हात! आणि मी त्यांना श्वास घ्यायला शिकवत होते. ऑफिसमागे पक्का संडास आहे. मी रोज जाते. एकदाही मनात आलं नाही.

१० एप्रिल

दाजींशी बोलले. "तो ऑफिसच्या माणसांसाठी आहे. उद्या त्या पंखा मागतील!" मी म्हटलं, पाणी प्यायल्या तर बाटल्या फुटायच्या थांबतील. "तुम्हाला नोकरी नको असेल तर तसं सांगा."

घरी आई — "संडासावरून भांडायला शिकवलं का तुला?"

नोकरी हवीच आहे मला. हौसालाही हवी आहे.

११ एप्रिल

सकाळी सगळ्यांना माझ्यासमोर पोटभर पाणी प्यायला लावलं. सुट्टीत त्यांना ऑफिसमागे घेऊन गेले. दाराशी मी उभी. दाजी तरातरा आले. "आत कोण आहे?"

"हौसा," मी म्हटलं. "मग या सगळ्या. तुमचा नंबर शेवटी."