तीन शाळा, दोन शाली आणि एक नात

मु. पो. खडकपांढरी, ता. नांदुरा
बुधवार, दुकान अर्धं उघडं ठेवून

श्री. गोकुळराव जावईबापू यांना,

नारायणराव सासऱ्याचा मानाचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि ते तुमच्यामुळे गेलेलं आहे, पण त्याकडे मी येतोच. आधी रीत. तुमच्या पाठीचं दुखणं कसं आहे? बँकेने खुर्ची बदलून दिली का? प्रणिताला आशीर्वाद. छकुलीला पापा. (तिचं कागदावरचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. बारशाला तिच्या आत्याबाईंनी ते तिच्या कानात सांगितलं, आमच्या कानापर्यंत ते आलंच नाही.) साखरखेर्ड्याला तुमच्या मातोश्रींना आमचा नमस्कार कळवा. सोयाबीन उगवून आलं आहे. तुमच्या सासूबाईंचा गुडघा दुखतो, पण जीभ ठणठणीत आहे.

तुम्ही म्हणाल, मामा, फोन करायचा सोडून पत्र कशाला? फोनवर माझा आवाज चढतो. जावयावर आवाज चढवायचा नाही, ही आपल्याकडची रीत आहे, आणि मी फोन हातात घेतला की तुमच्या सासूबाई कौशल्याबाई समोर येऊन उभ्या राहतात. "जावयाले काई वाकडं बोलू नका, पोरगी तिकडंच राहून जाईन," हे त्यांचं पालुपद. कागदावर आवाज चढलेला ऐकू येत नाही. तरी जिथे अक्षर मोठं आणि पेन कागदातून आरपार गेलेलं दिसेल, तिथे काय ते समजून घ्या.

तर मुद्दा. तुमची बदली पिंपळगाव राजाच्या शाखेत झाली, ही बातमी ऐकून तुमच्या सासूबाईंनी दळण तसंच टाकलं आणि गल्लीत साखर वाटली. संध्याकाळी तुमचा व्हॉट्सअॅप आला. काय, तर जिल्ह्यातल्या सरकारी शाळा आधी पाहून या, त्यांचं 'मूल्यमापन' करा. बऱ्या असल्या तर तिघं येऊ, नसल्या तर मी एकटा खामगावात खोली घेईन आणि प्रणिता-छकुली पुण्यातच राहतील. वाटलेली साखर परत मागता येत नाही, बापू. म्हणजे माझी लेक आणि माझी नात चाळीस मिनिटांच्या अंतरावर राहायला येणार की नाही, हे आता मी शाळेच्या भिंती मोजून ठरवायचं! सोबत तुमची प्रश्नांची यादी, ती मी कागदावर उतरवून खिशात ठेवली. ग्रंथालय आहे का. फळा स्मार्ट आहे का. मुलांच्या 'भावनिक विकासाची' सोय काय. (आमच्याकडे ती सोय मधल्या सुट्टीत होते, आणि बहुधा दोघं एकमेकांच्या छातीवर बसलेले असतात.) शिवाय एका शाळेला इंटरनेटवर एकच तारा आहे, हेही तुम्ही कळवलंत. मी चौकशी केली. तो तारा देणारा माणूस तिथे मतदानाला आला होता आणि त्याला रांगेत ऊन लागलं होतं.

तुम्ही स्वतः कुठे शिकलात हो? साखरखेर्ड्यालाच ना, पट्टीवर बसून? तुमचा भावनिक विकास कोणी मोजला होता? तरी झालात ना साहेब! पण नाही. मी हे फोनवर बोललो नाही. 'बरं' असं लिहिलं आणि पुढे अंगठा काढला. अंगठ्याचं चित्र काढताना माझे दात करकरत होते, ते चित्रात दिसत नाही.

निघालो. सोबत सईदभाई, आपला पत्रे ठोकणारा. गाडी त्याची. मी जरा माणसात दिसावं म्हणून पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली आणि खिशाला पेन लावला. इथेच घात झाला. आपल्या मुलुखात पांढऱ्या कपड्यातला, खिशाला पेन लावलेला माणूस शाळेच्या फाटकातून आत आला की तो साहेबच असतो. मी नुसता खत-बियाण्याच्या दुकानातला नारायण आहे, हे सांगायला कोणी उसंतच देत नाही.

पहिली शाळा पिंपळगावच्या वाटेवरची. (नाव घेत नाही, वाद नको.) आम्ही गाडी लावेपर्यंत पोरं रांगेत उभी, दोन मुली ओवाळायला, आणि पेटी वाजवणारे एक गुरुजी धावत आले ते बूट हातात घेऊन. स्वागतगीत झालं. ते संपल्यावर मी म्हणालो, अहो, मी नुसता आजोबा आहे. मुख्याध्यापक हसले आणि म्हणाले, "साहेब, आपला साधेपना!" आणि माझ्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. सईदभाईला गुलाबाचं फूल. तो पूर्ण वेळ वर आढ्याकडे पाहत होता, कारण त्याला जगात पत्र्याखेरीज दुसरं काही दिसत नाही, आणि गुरुजी समजले की हे बांधकाम विभागाचे.

आता शाल अंगावर पडली की माणसाला दोन शब्द बोलावे लागतात, हे तुम्हाला पुण्यात राहून कदाचित विसरायला झालं असेल. मी उठलो. तुमच्या यादीतले प्रश्न विचारायचे म्हणून उठलो होतो, देवाशपथ. पण समोर एवढाली पोरं, माझ्या खांद्यावर त्यांची शाल, पोटात त्यांचे पोहे. तोंडातून निघालं ते असं, की अशी शाळा मी उभ्या जन्मात पाहिली नाही आणि माझी नात पहिलीला इथेच येणार! टाळ्या. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे नाव विचारलं. कागदावरचं नाव मला आठवेना, म्हणून छकुली सांगितलं. वर्ग पाहायचे राहून गेले.

दुसऱ्या शाळेत मी शहाणा होऊन गेलो. पेन काढून ठेवला. गेल्या गेल्या आधी मुलींच्या संडासाकडे गेलो, कारण तुमच्या यादीत एवढा एकच प्रश्न मला धड वाटला होता. कुलूप! भलंमोठं, गंजलेलं कुलूप. किल्ली कुठे? शिपायाकडे. शिपाई कुठे? साल्याच्या लग्नाला. मग पोरी जातात कुठे? तिथल्या सरांनी हात केला तो मागच्या नाल्याकडे. बापू, माझं रक्त उकळलं. भिंतीवर 'मुलगी शिकली' वगैरे रंगवलेलं, त्या रंगाला पैसे आहेत, आणि मुलीने पाच मिनिटं आडोशाला जावं तर नाल्यात! मी तरातरा कार्यालयात गेलो, आज एकेकाला सोलूनच काढायचा म्हणून. तर तिथे सरपंच बसलेले, शाल घेऊन. पहिल्या शाळेने फोन करून ठेवला होता, की एक मोठे गृहस्थ नातीसाठी शाळा पाहत फिरताहेत.

मी ओरडलो का? नाही. शाल पडली आणि माझा आवाज तिच्याखाली गेला. चांगली जाड होती. मी दोन शब्द बोललो. त्यात 'परिसर निसर्गरम्य आहे' असं म्हणालो. नाल्याला निसर्ग म्हणालो मी! आणि शेवटी, सरपंचांनी नारळ हातात ठेवला तेव्हा, नात इथेच येणार हेही बोलून गेलो. परत येताना गाडीवर मागे बसून मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. सईदभाई म्हणाला, "नारायणा, तू माणूस चांगला हाय बे, पन तुले शाल दाखवली का तू आपलं घरबी लिहून देशीन." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

तिसरी शाळा म्हणजे आपलीच, खडकपांढरीची, दुकानाच्या वाटेवरची. तिथे मी रागाचा सगळा साठा घेऊन गेलो. दोन शाळांत गिळलेलं सगळं. तिथे शाल नव्हती, नारळ नव्हता, पोहे नव्हते. तायडे मॅडम होत्या आणि एका खोलीत चार वर्ग होते. दुसरे सर कसल्याशा प्रशिक्षणाला. मॅडम एका हाताने चौथीचं गणित तपासत होत्या आणि दुसऱ्या हातात मोबाईल उंच धरून खिचडीचा फोटो वर पाठवत होत्या, कारण खिचडीचा फोटो गेला नाही तर खिचडी शिजलीच नाही असं सरकार समजतं. (खिचडी शिजवणाऱ्या बनाबाई मात्र फोटोची वाट न पाहता पोरांना वाढत होत्या.) पहिलीच्या रांगेत चार मुलं. चार! गावात पहिलीच्या वयाची पोरं भरपूर आहेत, पण ती सकाळी पिवळ्या गाडीत कोंबून नांदुऱ्याला जातात, गळ्यात टाय लटकवून.

मी सुरू झालो. छप्पर गळतं. नळाला पाणी नाही. एका खोलीत चार वर्ग, ही काय शाळा आहे? जनावरांच्या बाजारातसुद्धा गाई-म्हशी वेगळ्या बांधतात! सगळं बोललो. आवाज दुकानापर्यंत गेला असावा, कारण दोन गिऱ्हाइकं पाहायला आली. तायडे मॅडमनी मोबाईल खाली ठेवला, पदर खोचला आणि शांतपणे विचारलं, "काका, तुमची नात कुठं शिकून राह्यली?"

मी म्हणालो, पुण्यात.

"मंग काऊन बोलून राह्यले?"

गोकुळराव, मी सासरा आहे, दुकानदार आहे, भाव करताना मला आजवर कोणी गप्प केलेलं नाही. मी पहिलीच्या रांगेत पट्टीवर जाऊन बसलो. त्या पुढे म्हणाल्या, की यंदा एक पोरगं अजून कमी झालं तर दुसरे सर उचलून दुसऱ्या गावाला देतील, मग चार वर्ग आणि खिचडीचा फोटो सगळं त्यांच्या एकटीच्या गळ्यात. गावातली निम्मी माणसं येऊन त्यांना अशीच बोलून जातात आणि जाताना पिवळ्या गाडीला हात दाखवतात. मला राग आला. सरकारचा आला, टायवाल्यांचा आला, आणि बापू, तुमच्या त्या यादीचा तर इतका आला की मी ती खिशातून काढून पहिलीतल्या एका पोराला होडी करायला दिली. तायडे मॅडमला म्हणालो, लिहा, पाचवं नाव लिहा, छकुली. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तर हे झालं मूल्यमापन. निष्कर्ष तुम्हीच काढा, तुम्ही साहेब आहात. ग्रंथालय एका कपाटात आहे आणि ते उघडतं. फळा काळा आहे. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. काही अधिक-उणं लिहिलं गेलं असेल तर माफी मागत नाही, पण राग मानू नये.

आपला,
नारायण

ता. क. १ : छकुलीचा जन्मदाखला आणि आधार कार्ड लगेच पाठवा, मूळ नको, फोटो चालेल. खोली खामगावात पाहू नका. आपल्या मागच्या दोन खोल्या मी रिकाम्या केल्या आहेत, खताची पोती बाहेर काढली आहेत. वास जाईल. तुम्ही इथूनच गाडीवर पिंपळगावला जा-ये करायची आहे. हे मी विचारत नाही.

ता. क. २ : उरलेल्या दोन शाळांचे लोक तुम्हाला फोन करतील, तुमचा नंबर मीच दिला आहे. त्यांना नाही म्हणायचं काम तुमचं. जावई नाही म्हणाला तर आपल्याकडे कोणी वाद घालत नाही, सासऱ्याने शब्द फिरवला तर गावभर होतं. मुलींच्या संडासाच्या कुलपाबद्दल दुसऱ्या शाळेच्या सरपंचांना मी वेगळं पत्र टाकलं आहे, शालीसकट.

ता. क. ३ : प्रणिताच्या आईने हे पत्र वाचून घेतलं. फार कडक आहे म्हणाल्या, थोडं गोड करून लिहा. गोड लिहायला बसलो होतो, तेवढ्यात दुकान उघडायची वेळ झाली. तायडे मॅडमनी कागद यायच्या आधीच तुमच्या पोरीचं नाव पटावर चढवलं आहे आणि रोज सकाळी हजेरीत ते घेतात. चार पोरं ओरडतात, पाचव्या नावाला कोणी ओ देत नाही. मॅडम थांबतात, पुन्हा घेतात. मी तेव्हा नेमका शाळेसमोरून जात असतो. काल दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा मला राहवलं नाही. रस्त्यावरून मीच ओरडलो, "हजर!"

लवकर या. या वयात रोज पहिलीत बसायला बरं दिसत नाही.