काचपेटीला बाहेरून डांबर

प्रिय नाना,

पेपर कोरडा आहे! पेटीखाली पसरलेला पेपर मी चारही कोपऱ्यांना दाबून पाहिला. आज तिसरा दिवस, एक थेंब नाही. ही बातमी आधी कोणाला सांगू म्हटलं, तर तुमचंच नाव तोंडात आलं. म्हणून लिहायला बसले.

हो, तीच माशांची पेटी. आई गेल्यावर होडी विकून तुम्ही माझ्याकडे करंजाड्याला आलात. चौथ्या मजल्यावर तुम्हाला काही करमेना. एके दिवशी दार उघडते तर भंगारवाल्याकडची ही जुनी पेटी मिठीत धरून तुम्ही उभे!

"नाना, आपल्याकडे मासे ताटात असतात," मी हसले होते.

"अगो बाय, खाडीचं पानी गढूल. जन्मभर मासं पकडलं, पन पोवताना एक धड नाय बघितला."

किती साधी हौस होती! मी ऐकली, आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

पेटी गळकी आहे हे भंगारवाल्याने सांगितलंच होतं. तुम्ही म्हणालात, "टेन्शन नको घेव. तीस वर्सां होडी बुजवली, ही तर एवरीशी पेटी हाय." मग बाल्कनीत बसून कापसाच्या वाती डांबरात बुडवल्यात आणि सगळे सांधे बाहेरून भरलेत. घरभर वास. माझं डोकं तेव्हाच तापलं होतं.

दोन दिवसांनी पेटी भरलीत. दुपारपर्यंत पाणी पलंगाखाली, आणि तिथून खालच्या सावंतकाकूंच्या छताला! काकूंनी ओल्या छताचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी महापेच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसून तो बघितला. घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी, मी म्हणाले, "जन्मभर होडी चालवलीत ना? आणि साधी काचेची पेटी धड करता येत नाही तुम्हाला?"

तुम्ही खांद्यावरच्या पंच्याने लादी पुसत राहिलात.

एकदा उलट बोलायचं होतंत, नाना! गावच्या बैठकीत आवाज चढवून भांडणारे तुम्ही, माझ्यापुढेच का गप्प बसलात? पेटी बाल्कनीत गेली, तिच्यात कांदे-बटाटे आले. चार महिन्यांनी तुम्हीही गेलात. तुम्ही पंच्याने लादी पुसताय, हे अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

गेल्या महिन्यात कांदे काढताना पेटी पुसली आणि वाटलं, करून तर बघू. तिचे फोटो घेऊन पनवेलच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, आतल्या सांध्यांतला जुना सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्याच्यावर नवा चिकटत नाय. आणि बाथरूमवाला घेऊ नका, त्यात बुरशीचं औषध असतं, मासे मरतात." मग फोटो मोठा करून बघत विचारलं, "हे बाहेरून काळं काय लावलंय? उलटं काम केलंय कोणीतरी."

उलटं! घरी येऊन ब्लेडने आतले सांधे खरवडताना तो शब्द डोक्यातून जाईना. आणि मधेच माझा हात थांबला. होडीत पाणी बाहेरून शिरतं. तिला बाहेरूनच बुजवायची असते. तुम्ही जन्मभर पाणी बाहेर ठेवायचं काम केलंत, नाना. पाणी आत कोंडून ठेवायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नव्हती! तुमचं काम चोख होतं, फक्त पेटी म्हणजे होडी नव्हती. एवढं मला तेव्हा का नाही सुचलं? ब्लेड खाली ठेवून मी खूप रडले.

मग कामाला लागले. कडा सरळ याव्यात म्हणून सांध्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, सिलिकॉन भरला, बोटाने सपाट केला. पहिला कोपरा इतका वेडावाकडा झाला की तुम्ही पोट धरून हसला असतात. तो काढून पुन्हा भरला. घरात आठवडाभर व्हिनेगरसारखा वास, आणि या वेळी तक्रार करायला कोणी नाही! वास गेल्यावर आधी वीतभर पाणी, मग अर्धी पेटी, मग काठोकाठ. सावंतकाकूंना आधीच सांगून ठेवलं होतं. त्या रोज छत बघून मेसेज करतात, "ऑल ओके." काल तर विचारत होत्या, मासे कधी आणतेस?

रविवारी आणतेय, नाना. पाणी इतकं नितळ आहे की पलीकडची भिंत दिसते.

बाहेरचं डांबर मी खरवडलेलं नाही. कोणी विचारलं तर सांगेन, हे माझ्या वडिलांचं काम आहे, आतलं माझं. आणि शब्द देते, यापुढे कोणी काही उलटं करताना दिसलं, तर ओरडण्याआधी विचारीन, असं का करताय? तुमची खुर्ची पेटीसमोर ठेवली आहे. रोज सकाळी चहा घेऊन तिच्यात बसेन, आणि तुमच्या वाटणीचे मासेही पोहताना बघेन.

तुमची,
बाय