पांगऱ्यावरचे फादर

१ मार्च, रवि.
पांगरा लालभडक. रो. पा. अजून नाहीत. लातूरहून निर्मलाचा फोन, आले का गं आपले फादर? बोर्डिंगमध्ये सिस्टरनी झाडावरचा गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा पक्षी दाखवून ‘रोझी पास्टर’ म्हटलं, तेव्हा ही कुजबुजली होती, कुठल्या चर्चचे? दोघींची साठी उलटली, तरी दर फाल्गुनात त्याच्यावरच हसतो.

३ मार्च
शेजारच्या प्लॉटवर झाडं पाडणारा दोरवाला आला. पांगऱ्याच्या बुंध्याला दोर बांधूनही गेला. प्लॉट आता कदमांचा. लोह्याकडचे शेतकरी, इथे घर बांधतायत. शनिवारी झाड पाडणार.
कदमांना म्हटलं, थोडे दिवस थांबा, दर वर्षी रोझी पास्टर येतात, येऊन जाऊ देत. सरळ ‘भोरड्या’ म्हणायची हिंमत झाली नाही. ज्वारी फस्त करणाऱ्या पाखरांसाठी कुठला शेतकरी थांबेल? कदम गंभीरपणे म्हणाले, पाव्हणे येनार तर थांबतो की.
लबाडीच ही. सिस्टरनी गुडघ्यांवर उभं केलं असतं.

७ मार्च
आले. सकाळी सव्वासात. आधी कलकलाट, मग अख्खं झाड हलायला लागलं. गाऊनवरच गच्चीत धावले. चहा गार. कदमांना फोन करून एवढंच सांगितलं, आले.
अर्ध्या तासात हजर. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात केळीची फणी. चपला दाराबाहेर काढून हळूच विचारतात, “फादर आतमधी हायत का?”
मी वर पांगऱ्याकडे बोट दाखवलं.
“म्याडम, ह्या तर भोरड्या हायत.”
त्यांचा हात आपसूक डोक्यावर गेला, गोफण फिरवावी तसा. तो तसाच राहिला आणि आधी ते हसले, मग मी. लहानपणी ते शाळा बुडवून शेतातल्या माळ्यावर बसत, ह्याच पाखरांना हाकलायला. “जन्मभर हाकललं. बसून बघितलं न्हाई कधी. लई देखणं हाय की पाखरू.”
केळी आम्हीच खाल्ली. जाताना म्हणाले, फुलं हायत तवर ऱ्हाऊ द्या.

१६ मार्च
कदम रोज सकाळी येतात, आज बायकोलाही घेऊन. ती म्हणाली, येडे झालेत. पण खुर्ची तिनेच पुढे ओढली. दोरवाला विचारायला आला, तर त्याला परत पाठवलं. पास्टर गेले न्हाईत अजून, म्हणे.
निर्मलाला सांगितलं. हसून हसून ठसका लागला तिला.

२९ मार्च, रवि.
झाडावर एक फूल नाही. काल दिवसभर अस्वस्थ होती पाखरं, आज उजाडताना थवा उत्तरेकडे गेला. कदम आले, वर बघत राहिले.
“गेले का फादर?”
खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. “गेले.”
खुर्चीत टेकले. मग, “फुडल्या साली कवा येत्यात?”
फाल्गुनात, म्हटलं. झाडाचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. दोर अजून बुंध्यालाच आहे. त्यांची खुर्ची मी गच्चीतून आत नेली नाही.