खाणीतला टाकळा

उलवे, खाणवस्ती
१३ जुलै २०२५

चिरंजीव अभय यास आईचा जय भीम.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, ते चालायचंच. तू आणि सूनबाई पुण्यात सुखात असाल. फोनवर तू "आई, जेवलीस का?" विचारतोस, मी हो म्हणते, तू ठेवतोस. म्हणून लिहायला बसले.

दरड पडल्यापासून खाण बंदच आहे. आता तिथं घाणेरी, कुर्डू, शेवरीची रोपं, वर कड्याच्या फटीत पिंपळसुद्धा. कुणी लावलं नाही, पाणी घातलं नाही. तुझे बाबा म्हणायचे, आपण सुरुंग लावला तिथं नातवाच्या नातवालाबी गवत दिसायचं नाही. चुकलंच त्यांचं.

पुनवेला दुपारी शेजारच्या गोजराने टाकळ्याची भाजी आणली. लसूण, सुकी मिरची घालून झकास केली होती. मी दोनदा वाढून घेतली. मग विचारलं, कुठनं खुडलीस गं? तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "खानीतली हाय वैनी. दरडीच्या अंगाची. माझ्या ध्यानातच नाय आलं."

मी म्हटलं, असू दे, भाजी चांगली होती. आणि ताट घासून ठेवलं. रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. मला हल्ली काही होतच नाही, अभय.

बाबा त्या दरडीखालीच राहिले. मशीनवाले दगड उपसून उपसून दमले आणि निघून गेले. तेव्हापासून मी दर पुनवेला तिथल्या पांढऱ्या फुटक्या दगडापाशी मेणबत्ती लावते. तू पुण्याला चल म्हणालास की मी म्हणते, त्यांना एकटं कसं टाकू? मग तू चिडतोस.

त्या संध्याकाळीही गेले. दगड दिसेना. मागच्या पुनवेला होता, आता सगळीकडं वेली आणि कमरेएवढं रान. इथं असेल, तिथं असेल म्हणत पुष्कळ फिरले. सगळं सारखंच. गोजरा सोबत होती, म्हणाली, कुठंबी लावा, दत्तूभाऊंना पोचतंय. मला पटेना. मेणबत्ती तशीच परत आणली.

आता मी इथं कुणापाशी थांबलेय, मला सांगता येत नाही. पाऊस उघडला की ये, मला घेऊन जा. माझं बोचकं फार नाही.

तुझ्या बाबांची जागा चुकलेली,
तुझी आई
सुंदराबाई