फोनमधली हाक

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

अगं,

तू बरी असशील. लेक, जावई मजेत असतील. इथे सगळं ठीक आहे. नळाला पाणी असतं, दूधवाला वेळेवर येतो, आणि शेजारच्या मास्तरीणबाई दिवसातून एकदा दारातून डोकावून मी जिवंत असल्याची खात्री करून जातात. स्वयंपाकघरातली ती वरची फळी अजून तिरकीच आहे. सुतार "उद्या नक्की" म्हणाला, तेव्हाच मी समजून चुकलो की हा काही येत नाही.

हाताशी फोन असताना म्हातारा कागद का काळे करतोय, असं तुला वाटेल. पाकीट बघून आधी छातीत धस्स झालं असेल. घाबरू नकोस, तब्येतीचं काही नाही. डॉक्टर परवाच गळ्यात बॅटरी मारून "छान" म्हणाले. नरड्याला भोक पडलेल्या माणसाला छान म्हणायला डॉक्टरच लागतो.

मानेचा पुढचा भाग मात्र अजून बधिरच आहे. दाढी करताना कापलं, ते आरशात रक्त दिसलं तेव्हा कळलं. नाकाने श्वास घेत नसल्यामुळे वासही येत नाही. दूध करपून भांड्याचा कोळसा झाला आणि मी शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत होतो. मास्तरीणबाई ओरडत आल्या. तुला सांगणार नव्हतो, पण त्या सांगितल्याशिवाय राहायच्या नाहीत. तू दरवेळी ज्याला रडतेस तो जुना सिनेमाही लागला होता. सगळा पाहिला, टीव्ही बंद केला आणि जेवणाचा डबा धुऊन ठेवला. मला वाटतं, बधिरपणा मानेपुरता राहिलेला नाही.

मध्यंतरी आपला कंडक्टर येऊन गेला. स्टँडवरचे बाकीचे मला विसरले, पण हा अजून "भोंग्या, आहेस का रे" म्हणत जिन्यापासून येतो. मी फोनवर उत्तर लिहिलं आणि फोनने ते माझ्या आवाजात त्याला सांगितलं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लेका, तू तर बोलतोयस!" म्हणाला. मग काय, फोन टेबलावर ठेवला होता, त्याच्याकडे तोंड करून गप्पांना बसला. कुठल्या ड्रायव्हरने कुठे गाडी ठोकली, कोणाची पेन्शन अडकली, सगळं फोनला सांगत होता. मी बाजूला बसून बोटं चालवत होतो. निघताना फोनलाच "येतो रे, जप" म्हणाला आणि माझ्या खांद्यावर जाता जाता एक थाप मारली.

मी यावर हसलो असतो. पूर्वी आपण दोघं हसलो असतो.

ऑपरेशननंतरचे ते पहिले महिने आठवतात का तुला? डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, आणि ज्याने अख्खी नोकरी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली तो माणूस टाळ्या वाजवून चहा मागायला लागला. मग पोराने फोनवर ते लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप टाकून दिलं. त्यात आवाज होता बाईचा. मी लिहायचो, ती बाई बोलायची. तू तिला सवत म्हणायचीस. "सवतीला सांगा, मला दोनच हात आहेत." "सवत आज फारच तोऱ्यात आहे." एकदा मी चिडून भरभर लिहिलं आणि ती बाई गोड आवाजात म्हणाली, "तुला काडीची अक्कल नाही." तू ओट्याला धरून हसत होतीस. माझ्या गळ्यातून नुसती हवा फसफसत होती, पण ते हसणंच होतं आणि तुला ते कळत होतं.

ते दिवस चांगले होते. तेव्हा कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याला काठी घेऊन मारायला धावलो असतो.

(पत्र काल इथेच राहिलं. खोकल्याची उबळ आली. आता पुढे.)

मग आपल्या चिरंजीवांना कळवळा आला. बाबांनी बाईच्या आवाजात का बोलावं? त्याने डेपोत खेटे घालून माझ्या जुन्या घोषणांची रेकॉर्डिंग मिळवली, कुठे कुठे पाठवली आणि माझा आवाज बनवून आणला. पोरगं चांगलं आहे, त्याला बोल लावायचा नाही. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं काय? "प्रवाशांनी फलाटाच्या कडेला उभे राहू नये." त्यामुळे फोन काहीही बोलला तरी गाडी लागल्यासारखा बोलतो. "आज भाजीत मीठ" म्हणून जरा थांबतो, जणू पुढे फलाट क्रमांक येणार आहे, आणि मग "कमी आहे."

त्या दिवशी तू आत भांडी घासत होतीस. पोरगा म्हणाला, "बाबा, आईला हाक मारा, गंमत करू." मी लिहिलं, "अगं." लग्न झाल्यापासून तुला दुसरं काही म्हटलेलंच नाही, तर दुसरं काय लिहिणार? फोन म्हणाला, "अगं." आणि तू आतून ओरडलीस, "ओ, आले, आले!"

साबणाच्या हातांनी धावत आलीस तू. आपली दोन्ही मुलं झाली, घर झालं, सगळं झालं, पण तुझा तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मग गळ्यावरच्या फडक्याकडे. मग फोनकडे. पोरगा टाळ्या वाजवत होता. तू "बरं झालं बाई" म्हणालीस आणि आत जाऊन घासलेलंच भांडं पुन्हा घासत राहिलीस.

त्याच आठवड्यात तू "लेकीकडे आठ दिवस जाऊन येते" म्हणालीस. तेव्हा उकाडा होता. आता पांघरुणं काढली आहेत.

मी हे भांडायला लिहीत नाही. भांडायला अंगात धग लागते. आणि तसं पाहिलं तर आपलं हल्ली जेवढं बोलणं होतं तेवढं कधीच झालं नव्हतं. मी फोनला लिहून देतो, तो माझ्या आवाजात निरोप तुला पाठवतो, आणि तुझे केवढाले निरोप येतात! दवाखान्यात तू जिन्यात बसून रडायचीस, हे मला निरोपातून कळलं. माझ्या बहिणीचं कोणतं बोलणं तुला लागलं होतं, तेही. आणि ते स्टँडचं.

ते मी किती वेळा ऐकलं. तू म्हणतेस, "तुम्हाला सांगते, लग्नानंतर सुरुवातीला मी मुद्दाम बाजाराची पिशवी घेऊन स्टँडवर यायची. बाकावर बसून राहायची. घरी तुम्ही तोंडात गुळणी धरल्यासारखे. तिथे मात्र लोकांशी कसं छान बोलायचात, अगदी समजावून. मला वाटायचं, गाडीच्या निमित्ताने मलाच सांगताहेत."

हे ऐकून मला काहीतरी व्हायला हवं होतं. आनंद, नाहीतर लाज. मी बसून वाट पाहिली, पण काही झालं नाही. मग लिहिलं, "हे मला कधी बोलली नाहीस," आणि फोनने ते असं काही मायेने म्हटलं की तुझा त्याहून मोठा निरोप आला.

लेकीला मी पंधरवड्यापूर्वी विचारलं, आई कधी येणार? ती बिचारी कानकोंडी झाली. म्हणाली, "बाबा, आई तुमचे निरोप दार लावून ऐकते. मी म्हटलं, चल, तुला पोचवते बाबांकडे. तर म्हणते, आत्ताच तर बोलले की माझ्याशी." पोरीला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

मग माझ्या ध्यानात आलं की व्हिडिओ कॉल लावला की तू फोन उताणा ठेवून नेहमी छताचा पंखा का दाखवतेस. फोन धरता येत नाही असं नाही. तुला मी दिसायला नको असतो.

अगं, मला राग नाही आला. मी स्वतःसुद्धा आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करून फडकं बांधतो.

पण त्यानंतर मी एक गोष्ट केली. फोनच्या त्या आवाजाला बाजूला ठेवलं, नुसतं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि गळ्यावरचं फडकं सोडून फोन तिथे धरला. तुला हाक मारली. ओठ हलवले, जीभ हलवली, शब्द तोच होता. आत हवा गेली, बाहेर आली, मध्ये थोडं खोकलो, पुन्हा तीच हाक मारली. तो निरोप तुला पाठवला आणि फोन समोर ठेवून बसलो. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला. "अहो, काल तुमचं काहीच ऐकू आलं नाही. रेंज नव्हती वाटतं. नुसती खरखर येत होती. मी पुसून टाकलं. परत पाठवा ना."

ती खरखर मी होतो.

तुझी चूक नाही. डॉक्टर सोडले तर ती कोणालाच ओळखता येणार नाही. पण त्या दिवसापासून मी फोनला काही लिहून दिलेलं नाही, आणि तू लेकीला सारखं विचारते आहेस की बाबांचा फोन बिघडला का. नाही बिघडला. चांगला ठणठणीत आहे. पोराला मी विचारलं, रेकॉर्डिंगमध्ये तर 'अगं' कुठेच नव्हतं, मग हा शब्द आला कुठून? तो म्हणाला, "मशीनने तो स्वतःच जुळवला, बाबा." म्हणजे तू ज्याला ओ दिलीस ती हाक मी कधी मारलीच नव्हती. माझी हाक टॉवेल सापडत नसतानाची होती, अर्धी दारातून टाकलेली. तुला हवी होती ती या यंत्राला जमली. मला ती जमली नाही, आता जमायची सोय नाही.

म्हणून एक ठरवलं आहे. नीट वाच.

हे पत्र पोचल्यावर दोन-चार दिवसांत पोरगा तिकडे येईल. त्याच्याबरोबर मी तो फोन पाठवतो आहे. कसा वापरायचा ते तो तुला शिकवेल, अवघड काही नाही. तू लिहायचं आणि तो माझ्या आवाजात बोलेल. तुला जे जे ऐकायचं असेल ते लिही. मी कधी बोललो नाही तेही लिही, तो सगळं म्हणेल, अगदी समजावून. फक्त एवढं ध्यानात ठेव की यापुढे तो जे बोलेल ते तुझंच असेल. त्यात माझा एक शब्दही नसेल.

मला दुसरा फोन नको. पाटी आणली आहे. मास्तरीणबाईंनी खडूचा डबा दिला.

तू यावंस असं मला वाटतं. हल्ली मला फारसं काही वाटत नाही, पण हे वाटतं, सकाळी उठल्यापासून वाटतं. आलीस तर दार लोटलेलंच असेल, कडी घालत नाही. आत खरखर ऐकू येईल, पहिल्या दिवशी जास्त येईल. दारातून परत फिरावंसं वाटलं तर फिर, मी मागून हाक मारू शकणार नाही.

माझा आवाज तुझ्याकडे येतो आहे, तो ठेवून घे.

इथे उरलेला,
मी