भट्टीचं दार

प्रिय गोगलगाय,

तिशी ओलांडलेल्या धाकट्या भावाला अजून या नावाने हाक मारतात का, असं आई कालच विचारत होती. मी मारणार. चकती सिरॅमिकच्या त्या पांढऱ्या मिश्रणात बुडवून, श्वास रोखून, तसूतसूने वर काढणारा दुसरा माणूस आपल्या प्रयोगशाळेत अजून आलेला नाही.

आता बातमी ऐक. तुझ्या वहीतल्या कृतीने केलेला इंधन-सेल चाळीस दिवस अखंड वीज देतोय. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा आणि मध्ये तुझा तो केसाहून पातळ सिरॅमिकचा थर. कुठे भेग नाही, गळती नाही. थर पातळ म्हणून सेल नेहमीपेक्षा दोनशे अंश कमी तापमानावरही मजेत चालतो. हेच तू सांगायचास तेव्हा साहेब हसायचे. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवतात. मी केलं काय? चकतीला मिश्रणाचे पाच पातळ हात दिले, प्रत्येक हात सुकू दिला, भट्टीत ठेवलं आणि वाट पाहिली. मला वाट पाहता येते, यावर आईचा अजून विश्वास बसलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या सगळ्या चकत्या तडकल्या. थर जाड झाला म्हणून तू स्वतःलाच दोष दिलास, राजीनामा दिलास आणि फरश्यांच्या दुकानात जाऊन बसलास. गिऱ्हाइकाला फरशी दाखवताना तू अजून तिच्यावर बोट फिरवून भेग शोधतोस म्हणे. आईने हे सांगितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

थर जाड नव्हता रे. भट्टी गार व्हायला अख्खा दिवस हवा होता आणि मी साहेबांना दुपारपर्यंत निकाल देते म्हणून बसले होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! सहाशे अंशांवर मी दार उघडलं. तडतड ऐकली आणि लगेच लावून घेतलं. तू आलास, तुकडे पाहिलेस, आणि मी मूग गिळून उभी राहिले. गोगलगाय तुला म्हणत आले, पण पोटात पाय माझेच होते. काल साहेबांना सगळं सांगितलं. अहवालावर पहिलं नाव तुझं आहे, तुझी जागाही रिकामी आहे. माझ्यावर रागाव, वर्षभर बोलू नकोस, पण ये. सोमवारी नव्या चकत्या भट्टीत ठेवतेय. मंगळवारी दार तू उघड. तोवर मी त्याला हात लावणार नाही.

तुझीच उतावळी,
ताई